काय घातलं, काय काढलं

संग्रहालयाच्या गच्चीला आम्ही पहिलं भोक पाडलं तेव्हा मार्च महिना होता. गोल पात्याचं यंत्र पाणी पीत पीत खाली उतरलं आणि मनगटाएवढ्या जाडीचा एक दंडगोल बाहेर आला. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं तो कठड्यावर आडवा ठेवला, ओल्या फडक्यानं पुसला आणि बोट लावून थर मोजायला सुरुवात केली. सगळ्यात खाली विटांच्या तुकड्यांचा मूळचा कोबा. त्यावर डांबरी फेल्ट. त्यावर सिमेंटचा थर, मग फरशी. फरशीवर पुन्हा एक कोबा, आणि अगदी वर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक. सगळं मिळून २८ सेंटीमीटर.

पन्नासेक वर्षांत ती गच्ची जितक्या वेळा गळली, तितक्या वेळा कुणीतरी वर येऊन एक थर घालून गेलं होतं. खालचा थर कुणीच काढला नव्हता.

तो दंडगोल मी हातात घेतला आणि मला कुरुंद्याच्या आमच्या घराचं माळवद आठवलं.

वास्तुरचनेच्या कामात मला जवळपास तीस वर्षं होत आली. शाळा बांधल्या, घरं बांधली, एक-दोन सरकारी इमारतीही. पण गेल्या काही वर्षांत माझ्याकडं काम येतं ते बहुतेक गच्च्यांचं. एका कलासंग्रहालयाची गच्ची सर्वांसाठी खुली करायची, हे त्यातलं सगळ्यात मोठं आणि मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं काम. त्या संग्रहालयाचं नाव मी लिहीत नाही. इथं चुकांबद्दलही लिहायचं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच माझ्या आहेत.

कुरुंदा वसमत तालुक्यात येतं. आता जिल्हा हिंगोली. माझ्या लहानपणी परभणी होता, कारण हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. हळद, केळी आणि उसाचा हा मुलूख. नवरात्रात टोकाईच्या गडावर गेलो की मी कठड्याशी उभी राहून खाली गाव बघायची. तेव्हाचं गाव वरून वाकळीसारखं दिसायचं, मातीच्या रंगाच्या चौकोनाला चौकोन शिवलेला. ती सगळी माळवदं. एकाची भिंत दुसऱ्याला लागून, त्यामुळं एका घराचं माळवद संपलं कुठं आणि शेजारचं सुरू झालं कुठं, हे फक्त त्या घरच्यांनाच कळायचं.

माळवद कसं घालतात हे मी आजोबांच्या पाठीमागं फिरून पाहिलं. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांच्यामध्ये किलचन, त्यावर तुराट्या आणि पाला, मग चिखल आणि शेवटी पांढरी माती. ही माती कुठलीही चालत नसे. जुन्या पडक्या गढीची, पाण्यानं लगेच विरघळून न जाणारी माती बैलगाडीनं आणावी लागे. मृगाच्या आधी आजोबा स्वतः शिडीनं वर चढत. भेगा बुजवायच्या, उंदरांनी पोखरलेल्या जागा ठोकायच्या, नवी माती पसरून चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. स्वयंपाकघरावर एक साणं होतं. त्यातून धूर बाहेर जायचा आणि सकाळी उन्हाचा कवडसा थेट चुलीपाशी पडायचा. पाऊस आला की त्यावर पत्र्याचा तुकडा झाकायचा, हे काम आम्हा मुलांचं.

आई आणि काकूंसाठी माळवद म्हणजे गावातला दुसरा रस्ता होता. खालच्या गल्लीतून पारावरून जायचं तर डोईवरचा पदर सांभाळून, मान खाली घालून. माळवदावरून मात्र त्या एका घरावरून दुसऱ्या घरावर सहज जात. कुरडया, पापड, सांडगे यांचं वाळवण वर. डाळी वाळायच्या वर. कुणाच्या घरी काय दुखलंखुपलं ते कळायचं वर. उन्हाळ्यात रात्री सगळी गल्लीच वर झोपायला यायची. ‘सार्वजनिक जागा’ हा शब्द मी पुढं कॉलेजात शिकले, पण तिची माझ्या मनातली पहिली जागा हीच आहे. तिथं जायला कुणाची परवानगी लागत नव्हती आणि ती राखायची कुणी, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

हे चित्र इथंच थांबवलं तर ते गोड राहील, पण खोटं होईल.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी वास्तुशास्त्राच्या वर्गात शिकत होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं झोपेतच गेली. आमच्या कॉलेजची एक तुकडी मदतीला आणि पाहणीला गेली, त्यात मीही होते. ढिगारे उपसताना मला माझ्याच घराचे तुकडे दिसत होते: त्याच तुळया, त्याच तुराट्या, तीच पांढरी माती. भिंती दगड-मातीच्या, रुंद. आतून एक दगडी पदर, बाहेरून एक, मधे नुसती भर, आणि दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड क्वचितच. डोक्यावर माळवद. भिंती उकलल्या आणि ते सगळं ओझं खाली आलं. जिथं लाकडी सांगाडा नीट होता, तिथं काही घरांच्या भिंती ढासळूनही छत खांबांवर उभं राहिलेलं मी पाहिलं.

एका पडलेल्या माळवदाची कड आम्ही पट्टीनं मोजली. माती दोन फुटांच्या आसपास भरली. आमच्या शिक्षकांनी विचारलं, “इतकी माती सुरुवातीला घातली असेल का?” आम्ही गप्प. मग तेच म्हणाले, “दर वर्षी टोपलीभर.” मला आजोबा दिसले, मृगाच्या आधी वर चढलेले, मायेनं नवी माती पसरणारे. माळवद राखायचं म्हणजे त्यावर माती टाकायची, हे आमच्याकडं तीन पिढ्या ठरलेलं होतं. जुनी खरवडून काढायची, हे शहाणपण कधीकाळी असेलही, पण आमच्या घरात तरी कुणी ते केलेलं मी पाहिलं नव्हतं. दिवाळीत गावी गेले तेव्हा आजोबांना हे सांगायचा धीर मला झाला नाही.

पुढं कितीतरी वर्षं हा धडा मी भूकंपाच्या कप्प्यात ठेवून दिला. रोजच्या कामात त्याची गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

गच्चीचं माझं पहिलं काम एका छोट्या कलादालनाचं होतं. मी तेव्हा तरुण होते आणि मासिकांतली छायाचित्रं पाहून माझे हात शिवशिवायचे. काळा ग्रॅनाइट, काचेचा कठडा, मधे उथळ कारंजं. उद्घाटन डिसेंबरातल्या एका संध्याकाळी झालं, सगळ्यांनी कौतुक केलं. एप्रिलमध्ये दुपारी मी सहज डोकावायला गेले तर वरच्या दाराला कडी. पहारेकरी म्हणाला, “ताई, वर पाय ठेववत नाही.” मी चप्पल काढून पाऊल टेकवलं आणि लगेच मागं घेतलं. मराठवाड्यात वाढलेल्या मुलीनं उन्हाळ्याच्या ४२ अंशांत तापणारा काळा दगड गच्चीवर घातला होता. दुपारी माळवदावर कुणी फिरकत नाही, सकाळी वाळवण, दिवेलागणीनंतर माणसं, हे मला पाठ होतं. पण रेखाटनाच्या कागदावर बारा वाजत नाहीत आणि सहाही वाजत नाहीत. तिथं सदा मऊ उजेड असतो. तेव्हापासून कुठल्याही गच्चीचा आराखडा करायच्या आधी मी एक तक्ता करते: सकाळी सात, दुपारी बारा, तीन, संध्याकाळी सहा, रात्री नऊ. प्रत्येक वेळी सावली कुठं आहे, वारा कुठून आहे, आणि त्या वेळी कोण वर येऊ शकतं.

त्याच गच्चीनं दुसरी शिकवण दिली जूनमध्ये. कठड्याची काच धरायला जे बोल्ट मारले होते, त्यांनी खालचा जलरोधक थर जागोजागी फोडला होता. पाणी जायला दोनच नळ ठेवले होते आणि त्यांवर शोभेच्या चपट्या जाळ्या. शेजारच्या गुलमोहराची पानं पहिल्या पावसात त्या जाळ्यांवर चिकटून बसली. ६०० चौरस मीटर गच्चीवर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६० हजार लिटर पाणी होतं. हा हिशेब मला येत होता, फक्त मी तो केला नव्हता. पाणी साचलं, बोल्टच्या बाजूनं उतरलं आणि दालनाच्या छतावर एक तपकिरी डाग उमटला. कर्मचाऱ्यांनी रात्रीतून खालची दोन जलरंगातली चित्रं उतरवली म्हणून ती वाचली. सकाळी मला बोलावून तो डाग दाखवला. कुणी एक शब्दही बोललं नाही. त्या शांततेचं ओझं मला अजून जाणवतं.

दुरुस्तीसाठी जे मिस्त्री आले ते नांदेडकडचे, साठी उलटलेले. त्यांनी काही न बोलता आधी पाणसळ लावून सगळी गच्ची मोजली. मग नळाच्या तोंडाशी बसून म्हणाले, “ताई, गच्ची आधी पाण्याची असते. त्याला वाट दिली की मग ते माणसांना बसू देतं.” कठडा आणि फरशी जिथं काटकोनात मिळतात तिथं ते हातानं गोलाई भरत, त्याला वाटा म्हणतात. नळाभोवती खोलगट खुरा करत. उताराचं गणित शंभराला एक, पण ते कागदावर. ते स्वतः ओंजळभर पाणी टाकून ते कुठं पळतं ते बघत. तीन दिवस गच्चीत पाणी भरून ठेवलं आणि खाली दालनात ते स्वतः रोज छताला हात लावून पाहत होते. मला पदवी देणाऱ्या कॉलेजाइतकंच मी त्या माणसाचं ऋण मानते.

त्यामुळं मोठ्या संग्रहालयाचं काम आलं तेव्हा मी कागद उघडण्याआधी भोक पाडायला सांगितलं. आणि तो २८ सेंटीमीटरचा दंडगोल बाहेर आला.

इंजिनिअरनं आकडा मांडला तेव्हा आम्ही सगळे वर कठड्याच्या सावलीत बसलो होतो. मूळ बांधकाम करताना पुढं एक मजला चढवायचा विचार होता, तो कधी चढला नाही; म्हणून स्लॅब भक्कम होता. स्वतःचं वजन सोडून चौरस मीटरला ६०० किलो पेलण्यासाठी तो केलेला होता. साध्या गच्चीवर माणसांसाठी चौरस मीटरला साधारण १५० किलो धरतात. जिथं गर्दी उभी राहणार तिथं ५००. आणि इथं साचत गेलेल्या थरांचंच वजन साडेपाचशेच्या वर गेलं होतं. शिल्लक उरली चाळीस किलो. जी संस्था शहराला वर बोलावणार होती, तिच्या गच्चीवर चौरस मीटरला एका मोठ्या माणसाचीही जागा उरली नव्हती. ती सगळी जागा जुन्या काळजीनं खाल्ली होती.

किल्लारीतली ती पट्टी मला त्या क्षणी आठवली. “दर वर्षी टोपलीभर.”

समितीला हे पटवणं सोपं नव्हतं. गच्ची फोडायची म्हटल्यावर खालच्या चित्रांची काळजी; आणि ती रास्त होती. निधी देणाऱ्यांना काहीतरी दिसणारं हवं होतं, आणि मी म्हणत होते की पहिले चार महिने आणि बराचसा पैसा काढण्यात जाईल. एका बैठकीत मी तो दंडगोल टेबलावर ठेवला आणि प्रत्येक थराचं वजन वाचून दाखवलं. बोलणं तिथून पुढं सरकलं. आम्ही खालच्या दालनांतली चित्रं हलवली, गच्चीवर तात्पुरतं पत्र्याचं छप्पर उभारलं आणि मूळ स्लॅबपर्यंत सगळं खरवडलं. नवा जलरोधक थर, उष्णता अडवणारा हलका थर आणि वर फिकट रंगाची फरशी, सगळं मिळून १०० किलोंत बसवलं. उरले बरोबर ५००.

म्हणजे माणसांसाठी ५०० आणि बाकी कशासाठीही शून्य. ओली माती घनमीटरला दोन हजार किलोंच्या घरात जाते; २५ सेंटीमीटर माती घातली की ५०० किलो संपले. चौरस मीटर माणसांना द्यायचा किंवा मातीला, दोघांना एकदम देता येत नव्हता. इतका स्वच्छ प्रश्न मला आधी कुणी घातला नव्हता. आम्ही नकाशावर दोन रंग भरले. जिथं माणसं, तिथं फरशी उघडी. जिथं माती, तिथं माणसांना वाट नाही. बाकं, पाण्याची टाकी, सावलीचे खांब हे सगळं खालच्या कॉलमच्या डोक्यावर. हजार लिटरची टाकी भरली की एक टन. ती कुठंही ठेवून चालत नाही. मी आधी रेखाटलेले कारंजं, लाकडी मांडव आणि झुला एकेक करून खोडले. प्रत्येक खोडलेल्या वस्तूच्या जागी किती माणसं बसू शकतील तो आकडा मी शेजारी लिहीत गेले. त्यानंतर खोडणं जड गेलं नाही.

याच काळात मी अहमदाबादला जाऊन ल कॉर्बुझिए यांचं संस्कार केंद्र पुन्हा पाहिलं. १९५०च्या दशकातलं ते संग्रहालय. त्याच्या गच्चीसाठी त्यांनी ४५ उथळ हौद आखले होते, ४० सेंटीमीटर पाण्याचे, वर वेली आणि झाडोरा. खालची दालनं थंड राहावीत आणि लोकांनी संध्याकाळी फुललेल्या गच्चीवर यावं, अशी कल्पना. विद्यार्थिदशेत मला त्यातली फुलं दिसली होती. आता मला ते पाणी दिसलं: चौरस मीटरला ४०० किलो, तेही रोज भरलेलं, आणि ते रोज बघणारं माणूस. रॉटरडॅममध्ये २०२१ साली खुल्या झालेल्या बॉइमन्स संग्रहालयाच्या डेपोवर ३५ मीटर उंचीवर ७५ भूर्जवृक्ष उभे आहेत. ते जमतं, कारण ती इमारत पहिल्या दिवसापासून त्या झाडांसाठी बांधली गेली. जुन्या छतावर तशी झाडं उसनी आणता येत नाहीत.

गच्चीवर कोण येणार, यावर सगळ्यात जास्त वाद झाला. वर उपाहारगृह काढावं, समारंभांना भाड्यानं द्यावी, असा एक आग्रह होता, आणि संस्था चालवायला पैसे लागतात हे मी नाकारत नाही. मी कर्मचाऱ्यांशी बोलायची परवानगी मागितली. तिथं अठरा वर्षं झाडलोट करणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं, “वर गेलो तर कुनी उठवनार तर नाही ना?” अठरा वर्षांत त्या एकदाही गच्चीवर गेल्या नव्हत्या. माझ्या आईचा वरचा रस्ता मला आठवला, आणि त्या प्रश्नावर मी सगळा जिना पुन्हा आखला.

आतल्या दालनांतून जाणारा मार्ग बंद ठेवला आणि रस्त्याच्या बाजूनं बाहेरून जिना व लिफ्ट दिली. दालनात जायचं तर तिकीट. गच्चीवर जायचं तर नाही. चित्रांच्या सुरक्षेची काळजीही त्यानंच मिटली, कारण दोन्ही वाटा कुठंच एकमेकींना मिळत नाहीत. मुंबईत काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात १९५२पासून फुटपाथवरचा माणूस सहज आत शिरत आला आहे, आणि तिथं गच्चीवरही प्रदर्शनं भरतात. समितीला मी तेच उदाहरण दिलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची शिल्पांची गच्ची १९८७ साली खुली झाली, पण आपल्या लोकांना जहांगीरची पायरी जास्त लवकर कळते. वर पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह हवंच, हा माझा हट्ट होता. ते नसलं की बायका अर्ध्या तासात उतरतात.

वर कला कुठली ठेवायची, याचं उत्तर मला औंधनं दिलं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी साताऱ्याजवळच्या औंधला यमाईच्या डोंगरावर १९३८ साली श्री भवानी चित्रसंग्रहालय उभारलं. ते स्वतः चित्रकार. दिवसाउजेडी चित्रं नीट दिसावीत, असा तिथल्या उजेडाचा विचार आहे. तिथल्या उजेडात उभी राहिले आणि मला आमच्या स्वयंपाकघरावरचं साणं आठवलं. छत म्हणजे फक्त झाकण, ही माझी समजूत तिथं मोडली. आम्ही गच्चीवर शिल्पांची गर्दी केली नाही. कांस्याचं एक शिल्प चैत्रात इतकं तापलं की मुलांना हात लावू देता येईना. ते आम्ही खाली हलवलं. त्याऐवजी जुनं, बुजवून टाकलेलं एक छतातलं तावदान पुन्हा उघडलं, उत्तरेकडं तोंड करून. आता वर बसलेल्या माणसाला खालच्या दालनातला उजेड दिसतो आणि खालच्याला वरच्या ढगाची सावली.

काम अर्ध्यावर असताना, जुलै २०२२मध्ये, कुरुंद्याला रात्रीतून प्रचंड पाऊस झाला आणि गावात पाणी शिरलं. पहाटे चुलतभावाचा फोन आला. “ताई, आम्ही स्लॅबवर हावोत. लेकरं वर घेतली. शेजारचेबी आलेत.” खाली घरात कमरेएवढं पाणी, धान्य भिजलेलं, आणि वर अंधारात चार घरची माणसं एका ताडपत्रीखाली. सिमेंटची घरं झाल्यापासून गच्च्या सुट्यासुट्या झाल्या होत्या, मधे कठडे आले होते. त्या रात्री भावानं आणि शेजाऱ्यानं मधल्या कठड्यावर फळी टाकली आणि म्हातारी माणसं त्यावरून आणली. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. संग्रहालयाच्या वरच्या दाराला रात्रीचं कुलूप असावं, असं आराखड्यात मीच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते बदललं. आता ते दार रात्री बंद असतं, पण आतून-बाहेरून कुणालाही दांडा दाबून उघडता येतं. उघडलं की पहारेकऱ्याकडं घंटा वाजते.

मातीच्या पट्ट्यांत काय लावायचं, याबद्दल मी फार विचार केला नाही. उंचावर वारा कोरडा, माती उथळ, म्हणून गवती चहा, कोरफड, सब्जा आणि सावलीच्या कडेला हळद. हळदीचं बेणं कुरुंद्याहून भावानं पोत्यात भरून पाठवलं. जूनमध्ये लावली, श्रावणात पानं रुंद झाली आणि शहरातली माणसं विचारू लागली की ही कर्दळ आहे का. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा संग्रहालयाच्या माळीदादांनी ती बातमी कापून कुंपणाला लावली होती. वड-पिंपळाची रोपटी मात्र दर पंधरवड्याला शोधून उपटावी लागतात. पाखरं बी टाकतात, सांध्यात ते रुजतं, आणि दोन वर्षांत मूळ स्लॅबचा ठाव घेतं.

गेल्या उन्हाळ्यात कुरुंद्यातली आमची शेवटची माळवदाची खोली उतरवली. पुरानं भिंत फुगली होती आणि या भागात जमिनीला धक्केही बसतात. २१ मार्च २०२४च्या सकाळी ४.५ क्षमतेचा एक बसला, तेव्हा आईनं स्वतःच सांगितलं की आता ठेवू नका. गड्यांनी वरून माती काढायला घेतली. मी टोपल्या मोजत होते. एकशे चाळीसनंतर मोजणं सोडलं. आई ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, “तुझ्या आजोबाला वाटायचं, जितकी माती जास्त तितकं घर गार.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती त्या खोलीत सून म्हणून आली होती आणि ती माती त्या काळात घराला खरंच गार ठेवत होती. तुळया सागाच्या निघाल्या, धड होत्या; भावानं त्या नव्या पडवीला वापरल्या.

त्याच दिवशी किल्लारीनंतर आजोबांना न सांगितलेली गोष्ट मी आईला सांगितली. ती ऐकून घेत राहिली, मग म्हणाली, “सांगितलं असतंस तर त्यांनी काढली असती. ऐकणारा माणूस होता.” हे मला फार लागलं. आपलं ज्ञान दुसऱ्याच्या कष्टांचा अपमान करील, या भीतीनं मी गप्प बसले होते. त्यांना ते पेलणार नाही, हे मीच परस्पर ठरवून टाकलं होतं.

संग्रहालयाची गच्ची खुली होऊन आता दोन पावसाळे गेले. कला महाविद्यालयाची मुलं सकाळी चित्रं काढायला येतात, संध्याकाळी जवळच्या वस्तीतल्या आज्या लिफ्टनं येऊन बसतात. त्या सफाईच्या बाई डबा वर खातात. छताला डाग नाही. मी यातलं फारसं श्रेय घेत नाही, कारण आम्ही जे केलं त्यातलं निम्मं काढणंच होतं.

शेवटच्या दिवशी मी संस्थेला एकच वस्तू दिली, जाड पुठ्ठ्याची एक वही. वरच्या दाराशी खिळ्याला ती टांगलेली आहे. तिच्या प्रत्येक पानावर तारीख आणि दोन रकाने आहेत: काय घातलं, काय काढलं. जो कुणी गच्चीवर काही करील त्यानं दोन्ही रकाने भरायचे, आणि पहिल्यात काही लिहायचं असेल तर दुसरा रिकामा सोडायचा नाही. मागच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर गेले तेव्हा मी ती उघडली. पहारेकऱ्याच्या गोल अक्षरात नोंद होती: काढलं, चारही जाळ्यांतली पानं, अर्धी पाटी. घातलं, काही नाही.